वच्छलाबाईच्या नावाची डबी

थोरल्या जाऊबाई वच्छलाबाईले, धाकट्या पारबतेचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

ओळखलं का बाई? नसंल ओळखलं. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा हुडकणाऱ्या तुमी, सव्वा वर्षात जाऊ काय ध्यानात राह्यली असंल! पोटच्या गजाननाले हाक मारायची तर आधी माह्या घरातल्या चौघांची नावं घ्यायच्या, मग बैलाचं घ्यायच्या, अन् मग कुठं गजानन. म्हणून आधीच सांगून टाकते. मी पारबता. तुमच्या धाकट्या दिराची बायको. जिच्यासंगं तुमी पन्नास वर्षं भांडल्या अन् जिच्याबिगर एक दिवस चहा पेल्या नाही, ती.

लिहून राह्यली आहे माही सून पुष्पा. ती म्हणे, "आत्या, 'मले' नको, 'मला' लिहू का? चांगलं दिसते." मी म्हटलं, बाई वाचतील अन् म्हणतील ही पारबता नव्हेच, कोणी मास्तरीण दिसते, अन् पत्र बाजूले ठेवून देतील. जसं निघते तसं लिही. तशी बी तुमाले वाचता येत नव्हतं. पण तिकडं कोणी वाचून दाखवणारं असंलच की! इतके शिकलेले लोक रोज मरून राह्यले.

आता लिहायले काऊन बसली ते सांगते.

काल सकाळी पुष्पा ओट्यावर पेन घेऊन बसली होती. समोर त्या डब्या. आपल्या गावात दोन वर्षांमागं आल्या होत्या ना, पांढऱ्या झाकणाच्या, शी तपासायच्या? त्याच परत आल्या. डबीवर ज्याचं त्याचं नाव लिहा लागते. पुष्पानं एक डबी उचलली अन् मले इचारलं, "आत्या, ही कोणाच्या नावाची?" माह्या तोंडातून निघून गेलं, "वच्छलाबाईच्या."

पुष्पाचा पेन तसाच राह्यला. मग मले वाटलं, आपल्याले जे बोलायचं आहे ते एकदा बोलून मोकळं व्हावं. तुमाले आता मधात तोंड घालता येत नाही, ही एक त्यातली चांगली गोष्ट.

बाई, ती डॉक्टरीण आठवते का? लांब वेणीची, मेडिकल कॉलेजातून यायची ती. पायात बूट, अन् निंदणाऱ्या बायांसंगं शेताच्या धुऱ्यावर बसून भाकर खायची. पहिल्या दिवशी तिनं शाळेच्या वऱ्हांड्यात सगळ्यांले बसवून सांगितलं होतं. पोटात एक जंत राहते, दोऱ्यावाणी बारीक. त्याले अंकुशकृमी म्हणतात. मी म्हटलं, बाप्पा, नाव त हत्तीच्या माहुताचं दिसते! सगळ्या हसल्या. ती बी हसली अन् म्हणाली, "आजी, हत्ती नाही, पण आतड्याले आकडे रोवून बसते अन् रक्त पिते."

शाळेतल्या लेकरांले जंताची गोळी भेटते, ते तर आपल्याले माहीत होतंच. तिचं म्हणणं असं की मोठ्या माणसांचं काय? शेतात राबणाऱ्या बायांचं काय? त्यांच्या पोटात जंत किती, अन् अख्ख्या गावालेच गोळी देल्ली तर हे जंत गावातून उठते का, हे तिले पाहायचं होतं. हे तिचं संशोधन. तिनं सांगितलं, "या रोगाकडं कोणी पाहत नाही. यानं माणूस एकदम पडत नाही, पेपरात येत नाही. हळूहळू पांढरं पडते, अन् लोक म्हणतात वय झालं."

तुमी पदर तोंडाले लावून माह्या कानात काय म्हणाल्या होत्या? "माणूस पडत नाही तं ही बाई इतक्या लांबून कायले आली?"

मी किती हसली होती बाई तवा.

मग डब्या वाटल्या. आशाताईनं घरोघरी नेऊन देल्ल्या, कशा भराच्या ते सांगितलं, अन् दुसऱ्या दिवशी फटफटीवरून एक पोरगा गोळा करायले येईल म्हणाली. पोरगा आला. तुमी दारातून पाहिलं अन् सरळ आत पळाल्या! मी मागून गेली, पाह्यते तर तुमी कोठीमागं उभ्या.

"पारबते, हा डोणगावचा हाये."

"मग?"

"मग काय? माह्या माहेरच्या गल्लीतला हाये. याच्या आजीसंगं मी भुलाबाईचे गाणे म्हटले. याच्या हातात मी ती डबी देऊ? उद्या डोणगावच्या बाजारात सांगल, वच्छीनं मले डबीत भरून देल्ली!"

"तो काय उघडून पाह्यते का बाई?"

"तो पाह्यत नसंल. पण त्याले माहीत त राह्यते ना, आत काय हाये!"

सत्तर वर्षांची बाई, अन् माहेरच्या पोराची लाज! मी किती समजावलं. पोरगा बाहेर हॉर्न वाजवून राह्यला. शेवटी मी म्हटलं, आणा ती डबी इकडं. मी तुमचीही भरली अन् माही बी भरली. दोन्ही माह्याच. पोराच्या हातात देल्ल्या अन् त्याले इचारलं, "आजी बरी हाये का तुही?" तुमी कोठीमागून डोळे वटारले.

महिन्यानं चिठ्ठ्या आल्या. तुमची साफ, माही साफ. कशी नसंल? मी तर चपलेबिगर अंगणात उतरत नाही, तुमी मले त्याच्यावरून "मडमीण" म्हणायच्या. तुमी चिठ्ठी माह्या डोळ्यासमोर नाचवली अन् म्हणाल्या, "पारबते, पन्नास वर्षांत तुह्या पोटाचा मले पहिल्यांदा फायदा झाला."

ती चिठ्ठी तुमी देवाच्या फोटोमागं ठेवली. जपून. तितं नसती ठेवली तर बरं झालं असतं.

तुमी चप्पल घालत नव्हत्या, हे अख्ख्या गावाले माहीत होतं. गजानन तीन वर्षांचा असताना त्याले गोवर निघाला, डोळे उघडीना, अन् तुमी देवीले बोलल्या, पोरगं उठलं तर जल्मभर पायात घालणार नाही. पोरगं उठलं. त्यानंतर वैशाखातले फुफाटे, भादव्यातला चिखल, काट्याकुट्याचं रान, सगळं अनवाणी. तेच रान, जितं अख्ख्या गावच्या बाया अंधारात लोटा घेऊन जायच्या. संडास झाले तवा बी आपल्या दोघींच्या घरी त्यात सरपणाच्या पऱ्हाट्या भरल्या होत्या. दर पावसाळ्यात तुमच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटायची. आपण चिखल्या म्हणायचो, मेंदी लावायचो. डॉक्टरीण म्हणते, ते जंताचं पिल्लू तितूनच आत शिरते. मातीतून पायात, पायातून रक्तात, अन् फिरत फिरत पोटात.

म्हणजे आपण मेंदी लावून दारच सजवून राह्यलो होतो म्हणा!

अन् तुमी माती खायच्या. खोटं बोलू नका आता तरी. चुलीच्या भाजक्या मातीचे खपले तुमच्या कनवटीले राह्यत. मी एकदा पकडलं तर म्हणाल्या, "वास गोड येते वं." मी गल्लीभर सांगत सुटली, आमच्या बाईले या वयात डोहाळे लागले! किती दिवस पुरवला मी तो गमतीचा विषय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले तर चार बायांपुढं तुमची ओटी भराची नक्कल केली. तुमी बी हसल्या. हसता हसता खांबाले धरून खाली बसल्या, ते मी पाह्यलं, अन् मले वाटलं जास्त हसल्या म्हणून बसल्या.

आता डॉक्टरीण सांगते, अंगात रक्त नसलं की माणसाले माती गोड लागते.

मले एवढं माहीत असतं तर मी ओटीची नक्कल केली असती का बाई? तुमीच सांगा.

मग तुमचे ओठ पांढरे झाले. नखं वाकडी झाली, चमच्यावाणी. ओट्याच्या तीन पायऱ्या चढायले तुमी तीनदा थांबायले लागल्या. गजाननानं तुमाले दवाखान्यात नेलं, मी संगं होती. डॉक्टरनं रक्त पाहिलं अन् म्हणाला, "एवढं कमी? आजी चालतात कशा?" लाल औषध देल्लं, सुया देल्ल्या. थोडं बरं वाटलं, परत तेच. रांजणाच्या बुडाले बारीक भोक, अन् आपण वरून घागरी ओतून राह्यलो.

दुसऱ्या खेपेले डॉक्टर इचारत होता, रक्त कुठून जाते? पोटात जंत बिंत? अन् आपल्या गजाननानं, शिकलेल्या पोरानं, खिशातून ती चिठ्ठी काढली. "नाही साहेब, जंताची तपासणी झालेली आहे. साफ आहे."

डॉक्टरनं चिठ्ठी पाहिली अन् परत देल्ली.

बाई, इथंच मले तुमच्यासंगं भांडायचं आहे.

मी बाजूच्या बाकावर बसली होती. तुमी माह्या खांद्याले टेकून होत्या. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. माह्या जिभेवर आलं होतं की साहेब, ती डबी यांची नाही. अन् तुमी पदराआडून माहा हात दाबला. तुमच्या अंगात पाण्याचा तांब्या उचलायचं बळ नव्हतं, अन् हात असा दाबला की माह्या बांगडीचा वळ उठला.

काऊन दाबला?

खोली भरलेली होती म्हणून? गजाननाले लाज वाटंल म्हणून? की डोणगावले समजंल म्हणून? आणखी कोणी मेलं असतं का तुमच्या डोणगावात, एवढं समजलं असतं तर?

अन् मी तरी गप काऊन राह्यली? तुमी जल्मभर माहे हात दाबले, मी कधी ऐकलं? आपल्या सासूपुढं तोंड चालवताना ऐकलं नाही, सरपंचापुढं ऐकलं नाही. त्या एकाच दिवशी ऐकलं. मले वाटलं, जंत काय, लेकरांले होते, गोळी खाते अन् निघून जाते. त्यानं का कोणी म्हातारं माणूस मरते? डबी भरली तो एक चावटपणा होता, तो देव माफ करंल. दवाखान्यात माहं तोंड मिटलं त्याचं काय करंल, ते मले माहीत नाही.

वैशाखात तुमी गेल्या. दुपारी, ओट्यावर, लसूण सोलता सोलता. तुमचे पाय माह्या मांडीवर घेतले तर थंडगार. तळव्यावर चपलेवाणीच जाड कातडं झालं होतं. लोक म्हणाले वय झालं. मी बी म्हटलं वय झालं.

सव्वा वर्ष मी तेच म्हणत राह्यली बाई.

मग आता, मागच्या बुधवारी, डॉक्टरीण परत आली. त्याच वऱ्हांड्यात सगळे बसले. तिनं कागद काढून सांगितलं की गावातल्या मोठ्या माणसांच्या डब्यांत जंत फार थोडे निघाले. खास करून म्हाताऱ्या बायांच्यात तर जवळपास नाहीतच. म्हणून मोठ्यांले गोळी द्यायची गरज नाही असं दिसते, शाळेतली गोळी पुरे आहे, असं ती वर लिहून पाठवणार. तिच्या तोंडावर मात्र खुशी दिसत नव्हती. ती म्हणाली, "मलाच खरं वाटत नाही. पण डब्या तर हेच सांगतात."

तवा मागून गजानन उठला. शांत पोरगा तुमचा, कधी सभेत बोलत नाही. म्हणाला, "मॅडम, माह्या मायची चिठ्ठी बी साफ होती. मग तिचं रक्त गेलं कुठं?"

डॉक्टरीण आपले कागद चाळायले लागली. त्यात उत्तर कुठून राहील? उत्तर माह्याजवळ होतं.

बाई, मले तवा काय वाटलं सांगू? वाटलं, बस गप, पारबते. बाई गेल्या, गोष्ट गेली. बोललीस तर या पोराचं घर तुह्यासाठी बंद होईल. अन् नाही बोललीस तर? समोर निंदण सोडून आलेल्या पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. कोणाच्या पायात चप्पल, कोणाच्या नाही. कडेले बसलेल्या एका सुनेचे ओठ मले दिसले. तुमच्यावाणीच पांढरे.

मी उठून उभी राह्यली.

म्हटलं, "गजानना, ती चिठ्ठी साफ होती कारण डबी माही होती. तुह्या मायनं डबी देल्लीच नाही. तिच्या नावाची मी भरली."

मग मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "मी बी सुनेचीच देल्ली होती बाप्पा." दुसरी म्हणाली, "आमच्या घरी पाच डब्या होत्या, सगळ्या एकाच पोराच्या भरल्या. त्याचं पोट त्या दिवशी चांगलं होतं." अन् तिसरी तर धन्यच! म्हणे, "मी म्हशीच्या वगारीचं शेण भरलं. मले वाटलं, पाहू त शिकलेल्या लोकांले समजते का!"

काय हसू पिकलं वऱ्हांड्यात! डॉक्टरीणनं दोन्ही हातांनं डोकं धरलं. म्हणाली, "म्हणजे मी दोन वर्षं वगारीचा हिशोब घेऊन फिरते?" अन् ती बी हसली, पण हसता हसता तिच्या डोळ्यात पाणी होतं. मग तिनं तो कागद आडवा फाडला. म्हणाली, "हे वर पाठवलं असतं तर तुमच्यापैकी कोणालाच गोळी मिळाली नसती. आजी, बरं झालं बोललात. सगळं पहिल्यापासून करू."

पण गजानन हसला नव्हता.

तो माह्याजवळ आला. "काकू, दवाखान्यात मी चिठ्ठी दाखवली तवा तू बाजूलेच बसली होती ना?"

"हाव."

"मग?"

फक्त एवढंच. मग?

बाई, तुमचा हात माह्या जिभेवर आला होता. एक वाक्य म्हटलं असतं तर मी अर्धी सुटली असती. तुह्या मायनंच गप बसवलं रे, एवढंच. मी म्हटलं, "मले लाज वाटली बाप्पा."

त्यानं डॉक्टरीणले इचारलं, "मायले गोळी भेटली असती तं ती वाचली असती का?" ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "सांगता येत नाही दादा. वय होतं, हृदय थकलेलं असणार. पण गोळीनं जंत गेले असते, मग रक्ताचं औषध अंगी लागलं असतं. पायऱ्या चढताना थांबावं लागलं नसतं."

तो गेला. तवापासून माह्यासंगं बोलला नाही.

परवा मी धुऱ्यावरून चालली होती. पाह्यते तर गजानन सोयाबीनमध्ये अनवाणी उभा! मी ओरडली, "चप्पल घाल रे! तुह्यापायी तुही माय जल्मभर अनवाणी चालली!" असं म्हणायचं नव्हतं बाई मले, पण माहं तोंड तुमाले माहीत आहे. तो वळला. मले वाटलं आता काहीतरी तोडून बोलंल. तो कितीक वेळ आपल्या पायाकडं पाहत राह्यला. त्याले ते नवसाचं माहीत होतं, पण असं समोर कोणी म्हटलं नसंल. मग धुऱ्यावर आला, चपला झटकल्या, घातल्या, अन् कामाले लागला. माह्याकडं पाह्यलं नाही. पण घातल्या.

आता इथं पुष्पा लिहायची थांबली आहे. ती म्हणते, "आत्या, थोरल्या आत्यांनी तुमचा हात दाबला होता? हे तुमी कधीच नाही सांगितलं. मी गजानन भाऊजींले सांगू का?"

मी तिले म्हटलं, तू लिहिणारी. लिहिणारीनं बोलायचं नसते.

तुमचा पोरगा आता आपल्या मायले आठवते तवा त्याले तुमचे पाय आठवत असतील, जे त्याच्यासाठी भाजले. त्यात मी तो हात कायले आणू? तुमी त्याची लाज राखायले गेल्या, मी तुमची राखते. माह्यावर राग धरून त्याचं मन हलकं होत असंल तर होऊ द्या. मी आपल्या सासूचा राग सोसला, याचा काय जड आहे? जड आहे. पण सोसीन.

आज सकाळी नवीन डब्या घेऊन मी स्वतः शाळेत गेली. डोणगावचाच पोरगा होता गोळा करायले. आता त्याले मिशा आल्या आहेत. मी माही डबी त्याच्या हातात देल्ली अन् म्हटलं, "ही माही, माह्याच पोटातली, इचार तर शपथ घेते." तो लाजून लाल झाला! बाई, तो आपल्याहून जास्त लाजते. तुमाले हे माहीत असतं तर?

डॉक्टरीणनं मले त्यांच्या दुर्बिणीत डोळा लावायले सांगितला. कोणाच्या तरी डबीतलं होतं. कोणाच्या ते मी इचारलं, पण ती नाव सांगत नाही, चांगली आहे. पाह्यलं. भिजल्या साबुदाण्यावाणी एक दाणा, काचेसारखा साफ, आत चार मणी. जंताचं अंडं. एवढं देखणं की मले राग बी आला नाही पहिल्यांदा. मग तुमी आठवल्या अन् मग आला.

ज्यांच्यात निघंल त्यांले गोळी देऊन राह्यली ती. चावून खायची, कडू बी नाही. त्या पांढऱ्या ओठाच्या सुनेले तर तिनं तपासून रक्ताच्या गोळ्या बी देल्ल्या. अन् सगळ्या गावाले गोळी द्यायची का, ते या खऱ्या डब्या सांगतील. काय सांगतील ते मले माहीत नाही, तिले बी माहीत नाही. म्हणूनच त्याले संशोधन म्हणतात, ती म्हणते. आधीच माहीत असतं तर डब्या कायले वाटल्या असत्या!

तुमाले वचन देते बाई. या गावातल्या एकाही बाईची डबी मी दुसऱ्याच्या पोटातून जाऊ देणार नाही. लाजणारीच्या दारात मी स्वतः उभी राहीन, तिची डबी माह्या पदराखाली घेऊन मी शाळेत पोचवीन, पण भरंल तिची तीच. कोणी चावट म्हणो, कोणी वेडी म्हणो. अन् दवाखान्यातला तुमचा हात मी कोणाले दाखवणार नाही. पुष्पा बी नाही दाखवणार, तिनं आत्ताच देवाची आण घेतली.

तुमची धाकटी,
पारबता
(अंगठा पुष्पाच्या समोर लावला आहे.)

आणखी एक, जागा उरली आहे म्हणून. तुमाले ठाऊक आहे, आपल्या दोन घरांतली वाटी कधी रिकामी परत जात नव्हती. बुधवारी सकाळी मी तुमच्या घरी मुगाच्या वड्यांची वाटी देल्ली होती, सभेच्या आधी. ती अजून तिकडंच आहे. गजाननाची बायको भली आहे, ती एकटी असती तर कधीच देऊन गेली असती. तुमी गजाननाच्या सपनात जा. तुमची नेहमीची सवय आहे, जाल अन् काय सांगायचं तेच इसराल, म्हणून नीट ऐका. त्याले म्हणा, काकूची वाटी पाठव. शिरा नको, पुरणपोळी नको, ते पाहुण्याले देतात. घरी रांधली असंल ती साधी अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी, अन् भाजीवर अर्धी ज्वारीची भाकर. वर ताटली झाकू नको म्हणा. दोन घरांमधल्या भिंतीवरून हाक मारून द्यायची.

(तिखट चालंल.)